अर्धा जोर

दुपारी अडीचच्या सुमारास शकूर भिया इंजिन सुरू करीत असे, आणि त्याबरोबर आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवरचे पितळी डबे एकमेकांवर वाजू लागत. इंजिनाची खोली आणि आमचे स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत होती. वहिनीने प्रत्येक दोन डब्यांमध्ये जुन्या लुगड्याची घडी घालून ठेवली होती, तरी तांदळाचा मोठा डबा कुठेतरी भिंतीला टेकायचाच आणि तास दीड तास कुरकुरत राहायचा. आम्ही आईला वहिनी म्हणत असू. काका तिला वहिनी म्हणत, त्यांचे ऐकून आम्हीही म्हणू लागलो आणि कोणी दुरुस्त केले नाही. धारच्या जुन्या घरांतून ही रीत होती. वडील नाना. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी बहीण आक्का. मी दत्तू. मॅट्रिक होऊन वर्ष झाले होते आणि नोकरी नव्हती.

आमचे घर एका सरदाराच्या कोठीमागे होते. या सरदारसाहेबांना शिकारीचा नाद नव्हता, कुस्तीचा नव्हता; रेडिओचा होता. त्यांनी खटपटी करून परवाना मिळवला, मुंबईहून यंत्र आणवले, कोठीच्या गच्चीवर दोन सागवानी खांब उभे करून त्यांच्यामध्ये तार ताणली आणि स्वतःचे केंद्र सुरू केले. नाना पूर्वी तारखात्यात होते. डाग देणे, मीटर वाचणे, तारा जोडणे हे त्यांना येत होते, म्हणून यंत्र त्यांच्या ताब्यात आले. दुपारी तीन ते चार आणि संध्याकाळी तासभर कार्यक्रम असे. भजने, बाजारभाव, एखादे व्याख्यान, आणि गुरुवारी दुपारी अर्धा तास स्त्रियांसाठी. केंद्राला नाव होते, पण ते कोणी घेत नसे. लोक म्हणत, "आज सरदारसाहेब लागले का?" आम्ही आतली माणसे म्हणत असू, "अमक्या गावात आपलं ऐकतात."

यंत्राच्या तोंडावर चार खाचा असलेला एक खटका होता. पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. तार किती शक्तीने बोलणार ते त्यावर ठरे. नाना त्याला जोर म्हणत आणि मग घरातही तोच शब्द झाला. आमटी पातळ झाली की नाना म्हणत, "आज अर्धाच जोर दिसतो." वहिनी म्हणे, "तूरडाळीचा व्हॉल्व्ह गेलाय." व्हॉल्व्ह म्हणजे यंत्रातली काचेची नळी; ती गेली की जोर गेला. शकूर भिया रोज दारातून विचारायचा, "नानासाब, आज जोर पूरो के आधो?" नाना मला समजावून सांगत की दुप्पट जोर दिला म्हणून आवाज दुप्पट लांब जात नाही, दुप्पट लांब न्यायचा तर जोर चौपट लागतो, तोही खालची जमीन चांगली असेल तर. माळव्याची काळी माती ओली असताना आवाज धरून ठेवते. पावसाळा सरला, माती वाळून तडकू लागली, की पल्ला आपोआप घटतो. पूर्ण जोरावर बदनावर कसेबसे आपल्या पल्ल्यात येते, असा त्यांचा हिशेब होता. बदनावर हा आमच्या घरात नुसता पल्ल्याचा प्रश्न नव्हता. आक्का बदनावरला दिली होती.

लग्नात विहिणीच्या पंगतीत आक्काच्या सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीला चांदीचे ताट मिळाले नाही, पितळेचे मिळाले. ताटे मागून आणलेली होती आणि एक कमी पडले. वहिनीने हात जोडून क्षमा मागितली, नानांनी व्याह्यांना मिठी मारली, पण ते ताट बदनावरला गेले ते परत आले नाही. आक्काचे सासरे, भाऊसाहेब, निवृत्त कारकून होते आणि अपमान ते कागदासारखे जपून ठेवीत. पहिली मंगळागौर झाली, दिवाळी झाली, आक्काला पाठवले नाही. तिच्या अक्षरातली पत्रे थांबली. भाऊसाहेबांच्या अक्षरात 'इकडील सर्व क्षेम' एवढेच येऊ लागले. नाना म्हणाले, त्यांनी बोलावल्याशिवाय मी तो उंबरा चढणार नाही. आता लिहिताना वाटते की दोन्ही घरांत मिळून एवढा ताठा होता की एक मुलगी त्यात सहज चिणली गेली असती. पण तेव्हा आम्ही त्याला मान म्हणत होतो.

सरदारसाहेबांनी आसपासच्या प्रतिष्ठित घरांना रेडिओ भेट दिले होते आणि त्यांतला एक भाऊसाहेबांकडे होता. हे कळल्यावर वहिनीने नानांना सांगितले की गुरुवारी बायकांसाठी मी बोलेन. नाना आधी नाही म्हणाले. कुलीन घरातल्या बाईचा आवाज चव्हाट्यावर जाणार, हा एक भाग. दुसरा म्हणजे वहिनीने तोवर माजघराबाहेर चार माणसांसमोर तोंड उघडले नव्हते. पण सरदारसाहेबांना बायका मिळत नव्हत्या. तेव्हा 'एक भगिनी' एवढ्याच नावाने वहिनी गुरुवारी तीन वाजता यंत्रासमोर बसू लागली. पहिल्या दिवशी तिने मेथकूट कसे करावे ते सांगितले. कागदावर लिहून नेले होते, पण कागदाकडे पाहिले नाही. "मुलींनो, डाळी भाजताना घाई करायची नाही, हां," असे ती म्हणाली. आक्का नेहमी डाळी जाळायची. काचेपलीकडे नाना काट्याकडे पाहत उभे होते. त्यांनी माझ्याकडे वळून म्हटले, "मुलींनो म्हणते, पण बोलते एकीशीच."

पुढे तिने दाल-बाफल्यांतले तूप, भुट्ट्याचा कीस, गौरीची गाणी, तान्ह्या मुलाची टाळू भरणे, असे बरेच काही सांगितले. प्रत्येक गुरुवारी एखादे वाक्य असे असे की ते धारपासून बदनावरपर्यंत एकाच बाईला कळावे. बोलून आली की ती स्वयंपाकघरात जाऊन डबे जागच्या जागी लावी आणि दोन दिवस तिचा स्वर मऊ असे. आक्काकडून उत्तर येण्याची सोय नव्हती. वहिनीला त्याची गरज वाटत नव्हती. "ऐकते ना, पुरे," ती म्हणे.

कार्तिकात मोठा व्हॉल्व्ह गेला. तो जाताना आवाज झाला नाही. नुसता आतला जांभळा उजेड विझला. पेटीत दुसरा एकच होता आणि नवा मुंबईहून यायला महिने लागत. सरदारसाहेबांनी नानांना आणि मला कोठीवर बोलावले.

"नाना, पूर्ण जोर दिला की व्हॉल्व्ह लवकर जातो, बरोबर?"

"बरोबर, सरकार."

"मग लागेल तेवढाच द्यावा. सगळ्यांना अर्ध्यात ऐकू येत असेल तर पूर्ण कशाला?"

नाना म्हणाले, "येत असेल तर. ते आधी पाहावं लागेल. तीन आठवडे अर्ध्यावर चालवतो. तेवढ्यात कोणीतरी गावोगाव जाऊन विचारून यावं. जिथे आवाज पोचत नाही ते गाव कळलं की त्याच्या अलीकडे आपली हद्द."

"आणि ऐकणारे किती तेही कळेल," सरदारसाहेब खुलले. परवाना वाढवून मागायचा होता, त्यासाठी वर ऐकणाऱ्यांचा आकडा द्यायचा होता. "एका रेडिओमागे माणसं किती धरायची, नाना?"

"जितकी समोर बसतात तितकी."

"छे! जितक्यांना आवाज जातो तितकी. चावडीवर लावला तर अख्खं गाव. आणि बायका घरात असतातच, त्या वेगळ्या विचारायला नकोत. घरधनी ऐकतो म्हणजे घर ऐकतं." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "पोरगा काय करतो? काम नीट केलंन तर इथेच कायम करू."

अशा रीतीने ते काम माझ्याकडे आले. कारभाऱ्यांनी तक्ता आखून दिला: गाव, रेडिओ कोणाकडे, माणसे, ऐकतात किंवा नाही, आणि शेवटी सही किंवा अंगठा. वर सरदारसाहेबांचा शिक्का. माझ्याबरोबर लाल पट्ट्याचा एक शिपाई. यापेक्षा चुकीची तयारी करणे कठीण होते, हे मला कळायला पुढे वृत्तपत्रातली दहा वर्षे जावी लागली.

मार्गशीर्षात मी सायकलवर निघालो. पहिल्याच गावात पाटलाच्या ओट्यावर तक्ता उघडला आणि विचारले, "क्यों पटेलबा, सरदारसाब की सुणो हो के नी?" रेडिओ हा शब्द मी घातला नाही. केंद्रात कोणीच घालत नसे. आमच्याकडे ऐकणे या शब्दाला एकच अर्थ उरला होता. पाटलाने शिपायाच्या पट्ट्याकडे पाहिले, मग शिक्क्याकडे. दोन्ही हात जोडून म्हणाला, "सुणां क्यों नी, हुकम! उणकी नी सुणांगा तो गाम में रेवांगा कसे?" मी 'ऐकतात' असे लिहिले. घरातली माणसे किती विचारले तर त्याने गुरेही मोजायला सुरुवात केली, म्हणून शिपाई हसला. पुढच्या गावात एक म्हातारी जात्यावरून उठून आली आणि म्हणाली, "केवा को काम उणको, सुणवा को काम म्हाको. लिख ले, भिया." तेही मी लिहिले. सात गावांत सात वेळा मी तोच प्रश्न विचारला आणि सातही जणांनी आपण सरदारसाहेबांच्या शब्दाबाहेर नाही असे बजावून सांगितले. रेडिओ लावून दाखवा, असे मी एकालाही म्हटले नाही. दुपारच्या उन्हात कोणी गुळाचे पाणी द्यायचे, कोणी भाजलेला हरभरा. मला वाटले, काम सोपे आहे.

आठवे गाव बदनावर. तिथे दोन रेडिओ होते. एक धान्याच्या आडतीचे काम करणाऱ्या शेठकडे, दुसरा त्याच्या भिंतीला भिंत लागून भाऊसाहेबांकडे. शेठ मंडीत पोत्यांवर बसला होता. त्याने मान न वळवता सांगितले, "सुणां हां, सब सुणां हां," आणि अंगठा उठवला. मग मी भाऊसाहेबांकडे गेलो.

रेडिओ बैठकीत होता. त्याच्यावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर पितळेचा गणपती. खिडकीतून आत यायला हवी ती एरियलची तार आत आलेली नव्हती. अंगणात कडुनिंबापासून कोपऱ्यातल्या खांबापर्यंत ती ताणलेली होती आणि तिच्यावर एक ओले लुगडे वाळत होते. आक्का दुसरे झटकत होती. तिला पाचवा महिना होता. आम्हाला कोणी कळवले नव्हते. भाऊसाहेबांनी मला बसा म्हटले नाही. मी उभ्यानेच तक्ता पुढे केला आणि विचारले, "सरदारसाहेबांचं ऐकता ना?"

"म्हणजे?" त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "सरदारसाहेबांचं ऐकत नाही असं तुमच्या घरी कोणी सांगितलं? तुमच्या वडिलांनी?"

"नाही, नाही. नुसतं लिहून घ्यायचंय."

"मग लिहा. आम्ही सगळ्यांचं ऐकतो. आमचं कोणी ऐकत नाही, एवढंच." आणि त्यांनी झोकदार सही केली.

निघताना आक्का ओसरीच्या खांबाशी आली. सासूबाई दारात होत्या. आक्काने विचारले, "दत्तू, वहिनी आजारी आहे का रे?"

"नाही. ठणठणीत आहे."

तिने ओले हात पदराला पुसले. मग "बरं," म्हणाली आणि आत गेली.

परतीच्या रस्त्यावर मी तो रकाना भरला. 'ऐकतात.' तार मी पाहिली होती. का लिहिले, याची कारणे मी आयुष्यभर निरनिराळी दिली आहेत. भेट दिलेल्या यंत्राची अशी दशा सरदारसाहेबांना कळली तर आक्काला त्रास होईल, हे त्यांतले सर्वांत चांगले. ते मी नंतर तयार केले. खरे असे की सात रकान्यांत 'ऐकतात' लिहून झाले होते. आठव्यात 'नाही' लिहिले असते तर आधीच्या सातांबद्दलही कोणी विचारले असते. शिवाय आकडा छान जमत होता.

नानांनी तक्ता दिव्याजवळ नेऊन दोनदा वाचला. "अर्ध्यावर बदनावर? वाळल्या मातीत?" ते म्हणाले. "जमत नाही हे." मग चष्मा काढून त्यांनी मला विचारले, "भाऊसाहेबांकडे तू स्वतःच्या कानांनी ऐकलंस?"

"हो."

माझा शब्द त्यांनी आपल्या हिशेबापेक्षा मोठा मानला. खटका अर्ध्याच्या खाचेत राहिला. सरदारसाहेबांनी माणसांची बेरीज केली, त्यात चावडीमागची गावे मिळवली, आणि अर्ज वर पाठवला. मला एक फेटा दिला. शकूर भिया मात्र तेलाचा हात पुसत म्हणाला, "दत्तू भिया, थारी सायकल पे तो जोर पूरो थो." मी हसलो. तो हसला नव्हता.

माघात आक्काला सातवा लागणार, हे वहिनीने माझ्या सांगण्यावरून बोटांवर मोजले होते. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत. पण सासरच्यांनी 'न्यायला या' म्हटले नाही आणि नाना बोलावण्याशिवाय जाईनात. वहिनीने शेवटी ठरवले की पोरीची इच्छा असेल तर मी कोणाचे ऐकणार नाही, दत्तूला घेऊन स्वतः जाईन. इच्छा कळायची कशी? धार-बदनावर अशी एक बांगडीवाली फिरत असे. ती बोलघेवडी होती. तिच्यापाशी निरोप दिला तर तो आधी सासूला कळला असता. तेव्हा वहिनीने गुरुवारी यंत्रासमोर बसून गर्भारपणातल्या चुड्याविषयी सांगितले. कोणत्या महिन्यात कोणत्या रंगाचा, काच कशी पारखावी, हे सगळे सांगून झाल्यावर म्हणाली, "आणि आमच्याकडे असं म्हणतात, मुलींनो, की माहेरची ओढ लागली असेल तर डाव्या हातात दोन बांगड्या कमी भराव्यात." असे कोणाकडेच म्हणत नाहीत. लहानपणी रुसली की आक्का डाव्या हातातल्या दोन बांगड्या काढून वहिनीच्या उशाशी ठेवायची, त्यावरून तिने ते रचले.

बांगडीवाली आली तेव्हा वहिनीने तिला बसवून पोहे दिले आणि सहज विचारल्यासारखे विचारले, "बदनावरला आमच्या मुलीला भरल्यास का? किती भरल्यास?"

"पूरी भरी, माईसाब. दोनों हाथ बराबर. उणकी सासू सामने बैठी थी."

"तिने काही कमी कर म्हटलं नाही?"

"कम क्यों केवेगी? सुहागन है."

वहिनीने पुढच्या गुरुवारी तेच पुन्हा सांगितले, अधिक सावकाश. पंधरा दिवसांनी बांगडीवालीचे उत्तरही तेच. त्या दुपारी मी ताक पीत बसलो होतो. वहिनी समोर येऊन उभी राहिली. "दत्तू, खरं सांग. तिथं नीट ऐकू येतं ना?"

मला त्या क्षणी तार दिसत होती आणि तिच्यावरचे लुगडेही. दुसऱ्याच आठवड्यात मला कायम केल्याचा कागद मिळायचा होता. मी म्हणालो, "येतं की. अगदी स्वच्छ."

"मग तिलाच यायचं नाही," वहिनी म्हणाली. "पितळेचं ताट तिलाही लागलं म्हणायचं." आणि ती आत गेली. नंतरच्या गुरुवारी ती बोलायला बसली, पण बोलली ते मसाल्याविषयी, आणि मसाल्याविषयीच. मुलींनो म्हणायचे तिने सोडून दिले.

फाल्गुनात कोपरा फाडलेले कार्ड आले. आठव्या महिन्यात आक्का गेली होती; मूलही राहिले नव्हते. नाना तो उंबरा चढले, बोलावणे नसताना. बैठकीत पुरुष बसले होते, मी अंगणात उभा होतो. शेजारची शेठाणी भिंतीपलीकडून मला हाताने बोलावू लागली. पदर डोळ्यांपर्यंत ओढून ती म्हणाली, "तू धारवाला भई है नी?"

मी हो म्हणालो.

"थारी माँ रेडिया पे बोलती थी नी, बस्पत का दिन? वा म्हारे यां आती थी सुणवा ने. सासू सोती जद, या छोटी खिड़की से. म्हारे मराठी नी समझे, वा समझाती. हंसती थी खूब. फिर मगसर से थारी माँ को आवाज आणो बंद हुई ग्यो. खाली खरखर. फिर भी वा आती, बैठती. म्हने कियो, बई, माँ बीमार होगी. तू आयो थो नी, तूने कियो, माँ तो साजी है. जद से वा नी आई. केती थी, साजी है तो फिर म्हारे से बोले क्यों नी?"

मगसर म्हणजे आमचा मार्गशीर्ष; खटका तेव्हा अर्ध्यावर होता. शेठच्या अंगठ्यासमोर मी 'ऐकतात' लिहिले होते. शेठाणीला विचारले नव्हते. रकान्यात नाव घरधन्याचे होते. पूर्ण जोरावर बदनावरात नेमक्या दोन बायका आमचे केंद्र ऐकत होत्या, आणि माझ्या सगळ्या दौऱ्यात एकच खरी माहिती मला मिळाली होती. ती आक्काने प्रश्न विचारून दिली होती. तक्त्यात तिला जागा नव्हती. पुढे वृत्तपत्रात मी नव्या वार्ताहरांना शिकवीत असे की 'ऐकता का', 'वाचता का' असे कोणाला विचारू नका. काल काय ऐकले ते विचारा, आणि जो उत्तर देतो तो कोणासमोर देतो आहे ते पाहा. त्यांना ती धंद्यातली युक्ती वाटे. मीही तसेच वाटू दिले.

धारला परतताना मोटारलॉरीत मी नानांना सगळे सांगितले. तार, लुगडे, सात गावे, आक्काचा प्रश्न, वहिनीला दिलेले उत्तर. ते खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "तिला सांगायचं नाही."

"पण वहिनीला वाटतंय की आक्काच—"

"वाटू दे. मेलेल्या मुलीवर राग धरून माणूस जगू शकतो. जिवंत मुलासमोर रोज जेवायचं आहे तिला."

पुढल्या गुरुवारी वहिनी बोलणार नव्हती. तीन वाजता नानांनी खटका शेवटच्या खाचेत नेला आणि तिथेच ठेवला. कारभाऱ्यांनी विचारले, सरदारसाहेबांनी बोलावून विचारले. नानांनी सांगितले की तक्ता चुकीचा आहे, अर्ध्या जोरावर निम्म्या गावांना काही ऐकू येत नाही. सरदारसाहेबांचा अर्ज तोवर वर जाऊन पोचला होता. "चुकीचा? भरला कोणी?" त्यांनी विचारले. मी तिथेच उभा होतो, त्यांनी दिलेला फेटा बांधून. नाना म्हणाले, "मी घरी बसून भरला, सरकार. पोराने नुसती अक्षरं काढली." महिन्याच्या आत आम्ही कोठीमागचे ते घर सोडले. शकूर भियाने डबे बांधायला मदत केली. वहिनीने लुगड्याच्या घड्या उकलून पाहिल्या आणि फेकून दिल्या.

आम्ही देवासला आलो. तिथे वहिनीचे माहेर होते. त्या गावात तेव्हा दोन पात्या, दोन कचेऱ्या. रस्त्याच्या या अंगाला एक राज्य आणि त्या अंगाला दुसरे. नाना थोरल्या पातीच्या हद्दीत राहून धाकटीच्या हद्दीतल्या पिठाच्या गिरणीवर इंजिन सांभाळीत. पगार निम्मा होता. त्यांनी परत कधी रेडिओला हात लावला नाही आणि मला त्याबद्दल एक शब्दही कधी बोलले नाहीत. मी इंदूरला एका साप्ताहिकात लागलो, तिथून पुढे मोठ्या पत्रात. माझी अचूकतेबद्दल ख्याती झाली. नाना गेले तेव्हा मी वहिनीला सांगायचे ठरवले होते. सुतक फिटेपर्यंत थांबलो. मग वर्षश्राद्धापर्यंत. मग मुलीच्या बारशापर्यंत.

भाद्रपदात अविधवा नवमीला सवाष्ण गेलेल्या बायकांच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात. ते सासरचे काम. पण भाऊसाहेबांच्या मुलाने दुसरे लग्न केले होते आणि बदनावरला आक्काचे पान कोणी वाढत नाही, असे आमच्या कानावर आले. माझ्या बायकोने एका वर्षी भीतभीत विषय काढला. घरात पुरण शिजत होते. वहिनी पाटावर बसून पानांची देठे काढीत होती. तिची नजर तोवर खूप मंदावली होती, हात मात्र चालत होते.

"वहिनी, यंदा आपणच आक्कांच्या नावाने एक सवाष्ण सांगू या का?"

"कशाला?" वहिनी म्हणाली. "मी दोन वेळा बोलावलं तिला. सगळ्या मुलखासमोर बोलावलं. दोन बांगड्यांचं काम होतं. तिने माझं ऐकलं नाही." तिने देठांची मूठ परातीत टाकली. "मग मी तरी कोणाचं पान वाढू?"

बायकोने माझ्याकडे पाहिले. तिला वाटले मी काहीतरी बोलेन. मी घड्याळ पाहिले, दुपारच्या गाडीने मला इंदूरला जायचे होते, आणि मी म्हणालो की माझे ताट आधी वाढा.